लॉनखालची हुमणी

"बाहेर ये, निवृत्ती! तोंड दाखव तुझं!"

सकाळचे साडेसहा वाजले होते. माझे सासरे दिनकरराव, त्यांना मी मामा म्हणते, उघड्या अंगावर टॉवेल टाकून तारेच्या कुंपणाशी उभे होते. मी खिडकीत बसून चिऊला दूध पाजत होते. मामांचा आवाज चढला की ती प्यायची थांबायची, कपाळाला एवढीशी आठी घालायची आणि पुन्हा सुरू करायची. पाच महिन्यांची होती तेव्हा.

मामांच्या पायाशी आमचं लॉन होतं. आदल्या संध्याकाळपर्यंत होतं, असं म्हणायला पाहिजे. स्टेजच्या बाजूचा अर्धा भाग कुणी नांगर फिरवावा तसा उलटापालटा झाला होता. गवताच्या चकत्या मुळं वर करून पडल्या होत्या, आणि मधल्या चिखलात रानडुकरांच्या खुरांचे ठसे.

कुंपणापलीकडून नाना आले. नाना म्हणजे निवृत्ती कणसे, मामांचे चुलतभाऊ. दातांना राखुंडी लावलेली, बोट अजून तोंडात.

"काय झालं? कोण मेलं?"

"तुझी डुकरं परत आली माझ्यात."

"माझी?" नाना थुंकले. "कानात बिल्ला हाय का बघ त्यांच्या. माझं नाव असलं तर खुशाल धरून ठेव."

"उसात फटाके कोण फोडतं रोज?"

"माझा ऊस, माझे फटाके. आता डुकरांनी तिथनं कुठं जायाचं, ते बी मीच सांगू? त्यास्नी म्हणू का, दिनकररावांच्या लॉनवर लग्न हाय, तुम्हाला आमंत्रण न्हाई, तिकडं फिरकू नगा?"

मामांनी ढेकूळ उचललं. माझा नवरा संग्राम धावत गेला आणि त्यांचा हात धरला. नाना तिथेच उभे राहून हसत राहिले.

लॉनवरचं पहिलं लग्न नऊ दिवसांवर होतं. वाईच्या एका डॉक्टरांच्या मुलीचं, सहाशे माणसांचं. तुळशीचं लग्न होऊन गेलं होतं, मुहूर्त सुरू झाले होते, रस्त्यावर 'कणसे लॉन्स' अशी कमान उभी राहिली होती. गावात कुणाला वाटलं नव्हतं की डोंगराच्या पायथ्याशी एवढ्या लांब कुणी लग्न करायला येईल. मला वाटलं होतं. लॉनची कल्पना माझी होती. शेतकीची पदवी घेऊन मी या घरात आले आणि दोन वर्षं भाकऱ्या थापल्या, मग एक दिवस मामांना म्हणाले, रस्त्याकडच्या या रानात ऊस लावण्यापेक्षा हिरवळ लावू. मामांनी ऐकलं. या घरात माझं ऐकलं गेलेली ती पहिली गोष्ट.

आणि नानांच्या डोळ्यांत सगळ्यात जास्त सलणारं रान तेच होतं. अकरा वर्षांपूर्वी वाटणी झाली तेव्हा चिठ्ठ्या टाकल्या होत्या, आणि रस्त्याकडचं रान मामांच्या चिठ्ठीत निघालं. नानांचं म्हणणं, त्या चिठ्ठीचा कोपरा आधीच दुमडून ठेवला होता. तेव्हापासून दोन घरांत बोलणं नव्हतं. भांडण सोडून.

दुसऱ्या दिवशी संग्रामनं ओढ्याच्या बाजूची कुंपणाची फट दगडांनी बुजवली. तिसऱ्या दिवशी सकाळी दगड बाजूला लोटलेले होते आणि लॉन पुन्हा उकरलेलं. पुन्हा स्टेजच्याच बाजूचं.

मामा गावात गेले होते. चिऊ झोपली होती. मी खुरपं घेऊन लॉनवर गेले आणि उकिडवी बसले. प्रवेशाकडचा भाग गालिच्यासारखा होता, एक चकती हललेली नव्हती. डुकरं तो भाग ओलांडून पुढे गेली होती. डुकरांना गवत खायचं असतं तर त्यांनी इथूनच सुरुवात केली असती.

मी उकरलेल्या भागात खुरपं खुपसलं. ओंजळभर माती वर आली आणि तिच्यात पांढरी, जाड, चंद्रकोरीसारखी वाकडी झालेली अळी. डोकं तांबूस. आणखी एक खुरपं, आणखी तीन. हुमणी.

मी मूठ बंद केली. आजूबाजूला कुणी नव्हतं, तरी केली.

कच्च्या शेणखतातून हुमणी येते, हे शेतकीच्या पहिल्या वर्षाचा मुलगाही सांगेल. डुकरांना तिचा वास जमिनीत वीतभर खोलवरूनही येतो. आणि स्टेजच्या बाजूला कच्चं खत गेलंय, हे त्या सगळ्या घरात एकट्या मला माहीत होतं.

भादव्यात लॉन लावलं तेव्हाची गोष्ट. चिऊ तीन महिन्यांची होती. गवताची गाडी दारात उभी, मजूर लागलेले, आणि आमच्या उकिरड्यातलं कुजलेलं खत अर्ध्यातच संपलं. गवत उन्हात वाळायला लागलं होतं. मामा आणि संग्राम खुर्च्या-मांडव बघायला दोन दिवस साताऱ्याला गेले होते. तेव्हा कुंपणाच्या मागच्या कोपऱ्यातून, शेवग्याखालून, नानी म्हणाली, "आमचं घे की. कुणाला कळतंय?"

नानी म्हणजे नानांची बायको. ती माझ्याशी बोलायची, हे पुरुषांना माहीत नव्हतं. माझ्या सासूबाई मी यायच्या आधीच गेलेल्या. माझी आई बाळंतपणाला आली होती, ती चिऊ दोन महिन्यांची झाल्यावर परत गेली. घरात बाईमाणूस म्हणून मी एकटी, आणि पोर रात्रंदिवस रडायचं. त्या दिवसांत दुपारी धुणं वाळत घालायला मागे गेले, की नानी तारेपलीकडे उभी असायची. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून पोटाला शेकायची, हे तिनं शिकवलं. दूध पाजल्यावर खांद्यावर घेऊन पाठीवरून हात कसा फिरवायचा, हे तिनंच. मी रडले तर "रडून घे, आता पोर झोपलंय" म्हणायची.

तर तिनं पेंडीच्या पोत्यांत खत भरून दिलं. दोन दुपारी, बावीस पोती, तारेखालून लोटून. मी पोतं उघडलं तेव्हा आतून ऊब आली. काडी अजून काडीच होती, शेण अजून शेणच. मला कळलं. मला कळू नये असं काही त्यात नव्हतंच. पण गवत वाळत होतं, छाती दुधानं ठणकत होती, आत चिऊ उठली होती. मी मजुरांना म्हणाले, पसरा. मामा आल्यावर म्हणाले, आपल्याच उकिरड्याचं तळातलं उपसलं.

त्या दुपारी मी शेवग्याखाली गेले. चिऊ कडेवर होती.

"नानी, लॉनमध्ये हुमणी निघालीय."

नानी हिरव्या मिरच्या निवडत होती. तिचा हात थांबला नाही. "आमच्यात तर न्हाई कधी निघाली."

"तुमच्या खतातून आली. जिथं ते पसरलं तिथंच आहे."

आता ती थांबली. "कुनाला बोललीस?"

"नाही."

"बोलू नगंस बाई. भावजी म्हणतील, मुद्दाम दिलं. आधीच आमच्या नावानं खडं फोडत्यात." मग तारेतून बोट घालून चिऊच्या गालाला लावलं. "डुकरं काय, चार दिस येतील, मग जातील."

मीही तसंच ठरवलं. गुपचूप औषध टाकू, गुपचूप अळ्या वेचू, चार दिवसांत मिटेल. संग्रामला म्हणाले, वाईवरून हुमणीचं औषध आण. तो म्हणाला, हुमणी कुठं आहे? मी म्हणाले, असू दे, आधीच टाकलेलं बरं. तो विसरला.

संध्याकाळी मामा गावातून आले ते सोपानला घेऊन. सोपान गावात लाईटची कामं करतो. त्याच्या खांद्यावर बायंडिंग तारेचं भेंडोळं होतं.

"ओढ्याच्या बाजूनं सगळी तार फिरवायची," मामा म्हणाले. "मीटरवरनं थेट जोड."

सोपान डोकं खाजवत होता. "झटक्याची मशीन घ्या की, मामा. बॅटरीवरची. डुकराला हिसका बसतो, मरत न्हाई."

"मला हिसका द्यायचा न्हाई. सात दिवसांवर लग्न हाय."

"उद्या करतो. पण मी केलं असं कुठं बोलायचं न्हाई."

मी आतून ऐकत होते. ओढ्याच्या बाजूनं म्हणजे नानांची पाण्याच्या मोटरीकडं जायची वाट. नाना रोज पहाटे अंधारात त्या वाटेनं जायचे, आणि ओल्या बांधावर पाय घसरू नये म्हणून आमच्या कुंपणाच्या खांबांना धरत धरत जायचे. सगळ्यांनी पाहिलेलं होतं. मामांनीही.

रात्री मी संग्रामला म्हणाले, "नानांचा हात लागेल."

"बोर्ड लावणार आहेत दादा." संग्राम वडिलांना दादा म्हणतो.

"अंधारात बोर्ड वाचता येतो?"

"मग काय करू? दादा माझं ऐकतात?" तो कुशीवर वळला. "तू हळू बोल, चिऊ उठेल."

चिऊ नव्हती उठणार. ती दोन्ही मुठी कानांपाशी घेऊन झोपली होती. एखादं बाळ एवढं निर्धास्त झोपलेलं बघितलं, की त्याच्या शेजारी स्वतःची कूस बदलायलाही लाज वाटते. तरी मी काही बोलले नाही. उद्या सोपान येणारच नाही, असं मनाला सांगत राहिले.

सोपान दुसऱ्या दिवशी आला नाही. खरंच. तो दिवसही मी गप्प राहून काढला. त्या दुपारी फक्त मागे जाऊन नानीला सांगितलं, की मामा तारेत करंट सोडणार आहेत, नानांना दुसऱ्या वाटेनं जायला सांगा.

"मी सांगू?" नानी म्हणाली. "तो माणूस सांगितल्यावर मुद्दाम हात लावून बघंल. तुझ्या सासऱ्याचाच भाऊ हाय."

"मग काय करायचं, नानी?"

नानीनं मिरच्यांचं सूप उचललं आणि आत गेली.

त्याच्या पुढच्या दिवशी सकाळी दहाला सोपान आला. रात्री डुकरांनी स्टेजच्या पायऱ्यांपर्यंत मजल मारली होती. मामा स्वतः लाकडी खुंट्या ठोकत होते आणि सोपान त्यांच्यामागून तार ओढत होता. नाना पलीकडे येऊन मोबाईल धरून उभे राहिले.

"काढतोय व्हिडिओ. तालुक्याला दावतो. माणसं मारायला निघालाय म्हणावं चुलतभाऊ."

"मारायला माणूस लागतंय. तू कुठला माणूस?"

"तार जोड तू. बघतो तुझ्या लॉनवर कुणाची अक्षता पडते ती."

"माझ्या दारात लग्नाचं अभद्र बोलतोस? जोड रं सोपान!"

नानी तिच्या अंगणात उभी होती. पदराचं टोक तोंडात धरून. मी तिच्याकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मग खाली.

मला वाटलं, आता ती बोलेल. सोपान मीटरच्या पेटीपाशी पोचला. पेटीचं झाकण उघडलं. ती बोलली नाही.

चिऊ माझ्या डाव्या कडेवर होती. मी उजव्या हातानं कुदळ उचलली. एका हातानं कुदळ मारता येत नाही, नुसती ओढता येते. मी ओढली, लॉनच्या मधोमध, कच्चं खत सुरू होत होतं तिथं नेली आणि चिऊला गवतावर बसवलं. ती बसायला शिकत होती, दोन क्षण बसली आणि कलंडली. मी तिला तशीच राहू दिली आणि दोन्ही हातांनी कुदळ घातली.

"ए, ए, काय करतीस?" मामा धावले. "डुकरं कमी पडली का?"

मी आणखी चार घाव घातले. आख्खी चकती उपसून उलटी टाकली. सगळ्यांना दिसेल अशी. पांढऱ्या अळ्या उन्हात वळवळल्या. दहा-बारा तरी.

"हुमणी आहे," मी म्हणाले. "डुकरं हिच्यासाठी येतात. लॉन खायला नाही, नानांनी हाकललं म्हणूनही नाही. तारेला दहा डुकरं मेली तरी अकरावं येईल. तार काढा, मामा."

 सोपाननं पेटीचं झाकण लावलं, तो आवाज तेवढा आला.

मामा वाकले. एक अळी बोटांत धरली. शेतकरी माणूस, त्यांना सांगावं लागलं नाही. "ही कच्च्या खतातली."

"हो."

"आपला उकिरडा दोन वर्षांचा. त्यात हुमणी कुठनं येईल?"

मी मान वर केली नाही तरी मला नानीचं अंगण दिसत होतं. ती हललेली नव्हती. नानांचा मोबाईल अजून वर होता. मी एक नाव घेतलं असतं, तर तो मोबाईल, ती कुदळ आणि ती तार, सगळं त्या नावाच्या मागे लागलं असतं.

"तळातलं नव्हतं ते. वरचा थर ताजा होता," मी म्हणाले. "मजूर खोळंबले होते, मी तोच पसरायला लावला. चूक माझी आहे."

मामा सरळ झाले. मला वाटलं होतं ते ओरडतील. ते हळू बोलले, आणि ते जास्त वाईट होतं.

"शेतकी कॉलेजात हेच शिकवलं का?"

"ऐका! ऐका!" नाना तिकडून ओरडायला लागले. "पाच दिस माझी आईबहीण काढली, आन् किडा सुनंनं पेरला! डिग्रीवाल्या सुनंनं!" मोबाईल माझ्याकडे वळवला. "जरा इकडं बघा, बाईसाहेब!"

ज्या माणसाचा जीव वाचवायला मी कुदळ उचलली होती, तो माणूस हसत माझा व्हिडिओ काढत होता. आणि मामा त्याला अडवत नव्हते.

"पोरगी उचल आणि आत जा," मामा म्हणाले. "आजपासनं लॉनकडं बघायचं न्हाई. संग्राम बघंल."

चिऊच्या तोंडात गवत गेलं होतं. मी बोट घालून ते काढलं. तिला हसायला आलं, तिला वाटलं खेळ आहे.

पुढचं सगळं मी खिडकीतून बघितलं. सोपाननं तार गुंडाळून नेली. गावातल्या बायका लावून मामांनी बादल्या भरभरून अळ्या वेचल्या. स्टेज दुसऱ्या टोकाला हलवलं आणि उकरलेल्या भागावर हिरवी चटई अंथरली. लग्न झालं. डॉक्टरांनी जाताना संग्रामचा हात हातात घेऊन लॉनचं कौतुक केलं. डुकरं आणखी दोन रात्री आली आणि मग यायची थांबली.

नानांचा व्हिडिओ मात्र महिनाभर गावात फिरत होता. दळणाच्या गिरणीत बायका मला बघून गप्प व्हायच्या.

नानी शेवग्याखाली दिसेनाशी झाली होती. मला वाटलं, ओशाळली असेल, माझ्यासमोर यायला धजत नसेल. मला तिचं वाईट वाटत होतं. एवढं होऊनही तिचं.

लग्नानंतर आठ दिवसांनी ती आली. मी धुणं वाळत घालत होते.

"तू माझं नाव का न्हाई घेतलंस?"

"तुम्ही मायेनं दिलं होतं, नानी. कच्चं आहे हे तुम्हाला तरी कुठं ठाऊक?"

तिनं तार दोन्ही हातांनी धरली. चिमट्यांची टोपली हातात धरून मी उभी.

"मला ठाऊक हुतं," ती म्हणाली. "तळाचं कुजलेलं स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांना काढून ठेवलं. वरचं तुला दिलं. भरताना पोत्यात हुमणी दिसत हुती. हातानं बाजूला न्हाई केली."

मला आधी काही कळलंच नाही. "का?"

"त्या रानात माझी सासू राबली. मी राबले. पहिलटकरीण असताना त्याच रानात भांगलायला हुते." तिचा आवाज जराही हलत नव्हता. "रोज सकाळी दार उघडलं की समोर तुझं हिरवंगार. पोटात आग पडायची. तुझा राग नव्हता, पोरी. पोरीचा तर मुळीच नव्हता. पर त्या हिरवळीवर मांडव पडू नये, असं वाटायचं."

"आणि नाना? सोपाननं पेटी उघडली तेव्हा तुम्ही तिथं उभ्या होतात. नानांचा हात रोज त्या खांबाला लागतो."

"बोलणारच हुते मी."

"कधी?"

तिनं शेवग्याचं पान तोडून चुरगाळलं.

"कधी बोलणार होतात, नानी? तार जोडल्यावर? दुसऱ्या दिवशी पहाटे?"

तिनं पदर तोंडाला लावला. रडली नाही, नुसता लावला. मग म्हणाली, "तू भाबडी हायस. तुझ्यासारखीनं तरी मला माफ कराय पायजे."

मी तिला माफ केलं नाही. टोपली उचलली आणि आत आले. त्यानंतर मागच्या दारी मी धुणं वाळत घातलं नाही; गच्चीवर दोरी बांधून घेतली. आता चिऊ सहा वर्षांची आहे. नानीची आणि माझी गाठ पडते, लग्नकार्यात, बाजारात. ती मान खाली घालते. मी घालत नाही.

पेटी उघडायच्या आधी मूठ बंद करून दोन दिवस मीही गप्प बसले होते. त्या दोन दिवसांत नाना दोनदा त्या वाटेनं मोटरीला गेले. सोपान वेळेवर आला असता, तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. हे मी त्या दिवशी नानीला सांगितलं नाही. तिनं मला भाबडी म्हटलं, आणि मी तिला तसंच समजू दिलं.